मेयरच्या दारावरचे पिवळे निशाण

कायदा दुसऱ्याला लावताना आपला आवाज किती खणखणीत असतो! तोच कायदा आपल्या उंबऱ्याशी आला की घशाला कोरड पडते. विल्मॉट शहराचे मेयर आणि नामांकित वकील एलिहू बार्स्टो यांची एप्रिलमधल्या त्या शनिवारी दुपारी अगदी हीच गत झाली होती.

ओहायो नदीकाठच्या त्या शहरात देवीची साथ पसरली होती. ज्या घरात देवी निघेल त्या घरावर पिवळे निशाण लावायचे आणि घरातल्या कोणी एकवीस दिवस बाहेर पडायचे नाही, हा हुकूम बार्स्टोंनीच लिहिला होता. आजवर अकरा निशाणे लागली होती. अकराही नदीकाठच्या मजुरांच्या घरांवर. टेकडीवरच्या बड्या घरांकडे देवी फिरकलीच नव्हती म्हणे!

आणि आता माडीवर त्यांची नऊ वर्षांची हेस्टर तीन दिवसांपासून तापाने फणफणली होती. सकाळी तिच्या कपाळावर आणि मनगटांवर पुरळ दिसले होते.

"मिस्टर बार्स्टो, डॉक्टरांना बोलवा हो," त्यांची पत्नी परमेलिया काकुळतीला येऊन म्हणाली.

"हुकुमात काय लिहिलंय? डॉक्टरनं देवी असल्याचं सांगितलं, की निशाण. डॉक्टर आलाच नाही तर सांगणार कोण? परवा मतदान आहे, परमेलिया. दोन दिवस कळ काढ."

"आणि आज चार वाजता सगळं गाव येणार आहे, त्याचं काय?"

मतदानाआधीच्या शनिवारी लोक बँड वाजवत उमेदवाराच्या घरी येत. उमेदवार ओसरीवरून भाषण करी. मग सगळे बायकापोरांसह आत येत, हात मिळवत, केक खात. ज्याने दार उघडले नाही त्याला मते विसरावी लागत.

"येतील, खातील, जातील. हेस्टरच्या खोलीला कडी आहे," बार्स्टो म्हणाले. पण बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिले नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने नोरा गेराटी आली. ती धुण्याचे कपडे न्यायला दर शनिवारी येई. तिच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते. मार्चमध्ये तिच्याही घरावर निशाण लागले होते. परमेलियाने पुढे केलेल्या गाठोड्यातली वरची चादर तिने उलगडली, वास घेतला आणि गाठोडे जमिनीवर ठेवले.

"ही चादर मी नेणार नाही, बाईसाहेब. माझ्या पिंपात सात घरांचे कपडे पडतात."

"साधा ताप आहे, मिसेस गेराटी," बार्स्टो झटक्यात म्हणाले.

"असेल, मेयरसाहेब. माझ्या नवऱ्यालाही, टिमलाही, साधाच होता. मीही डॉक्टर बोलवायला दोन दिवस लावले. धुण्याचं काम जाईल ही भीती होती ना! मग निशाण लागलं आणि त्या निशाणाआडच तो गेला. शवपेटी उचलायला चार माणसं मिळाली नाहीत."

बार्स्टोंनी मान खाली घातली. "तुम्ही मला शाप देत असाल."

"शाप कशाला देऊ? हुकूम बरोबरच होता. त्या निशाणामुळं शेजारच्या डोलनची पाच पोरं माझ्या दारात आली नाहीत, म्हणून आज धडधाकट आहेत. पण त्या दिवशी माझ्या अंगणात उभं राहून तुम्ही म्हणालात, 'कायदा कुणाचं दार बघत नाही.' मी अडाणी बाई, मला ते खरं वाटलं. आज तुम्ही वकील झालात, मेयरसाहेब. मला मेयर हवा होता."

लांबून ढोलाचा आवाज आला. मग कर्णे ऐकू येऊ लागले. मिरवणूक टेकडी चढत होती!

परमेलियाने खिडकीतून पाहिले. "पुढं पोरंच आहेत हो! कितीतरी पोरं!"

दार उघडले तर बार्स्टोंचे पद राहणार होते. पण उद्या कोणाच्या माडीवर कोणते मूल फणफणेल, हे कोण सांगणार? बँड फाटकाशी थांबला. एका बाईने तान्हे मूल कडेवर घेऊन फाटक उघडलेही.

अचानक बार्स्टोंनी खिडकीचा पिवळा पडदा खसकन ओढून काढला आणि ते ओसरीवर धावले.

"मागं व्हा! बाई, फाटकाबाहेर व्हा! माझ्या घरात देवी आहे!"

बँड बंद पडला. ती बाई मुलाला छातीशी धरून मागे पळाली.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?" बँडमास्तरने विचारले.

"मी त्यांना बोलावलंच नाही! निशाण टळावं म्हणून मुद्दाम बोलावलं नाही. आता कोणीतरी त्यांना घेऊन या."

"नदीकाठी निशाणं लावताना बरा हात चालत होता!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

"खरं आहे," बार्स्टो म्हणाले. "मला लाज वाटते." आणि सर्वांदेखत त्यांनी तो पडदा आपल्या हातांनी दारावर ठोकला.

नोरा घरी परतली नाही. "मला एकदा देवी येऊन गेलीय, आता काही होत नाही," असे म्हणून बाह्या सरसावून ती हेस्टरच्या उशाशी बसली. एकवीस दिवस त्याच घरात राहिली.

सोमवारी बार्स्टो निवडणूक सपाटून हरले. हेस्टर वाचली. तिच्या गालांवर वण राहिले.

पण नागरिकहो, मतदानाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी काय झाले ते ऐका. लोक चर्चला निघाले तेव्हा टेकडीवर आणखी तीन बड्या दारांवर पिवळी निशाणे फडकत होती. त्या घरांत कोणी शनिवारच्या एका रात्रीत आजारी पडले नव्हते. कित्येक दिवस लपवलेले आजार एका माणसाच्या कबुलीने उघड्यावर आले होते. आपणही दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी आपले दार तपासू या. कारण नियम करणारा स्वतः नियम पाळतो, तेव्हाच इतरांना तो पाळावासा वाटतो!