पोत्यावरचं लेबल आणि सात पिल्लं

अंबरनाथच्या एका औषध कंपनीत कैलास शेलारने एकतीस वर्षं एकच काम केलं. लोकांच्या चुका काढल्या. कंपनी त्याला क्वालिटी डिपार्टमेंट म्हणायची. लेबलवरचा एक ठिपका सरकलेला दिसला की हा पठ्ठ्या अख्खा लॉट अडवायचा, लाल शिक्का मारायचा आणि मग डबा उघडून निवांत जेवायचा. कामगार त्याला पाठीमागे ‘लाल्या’ म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं. आवडायचंही, आता खोटं कशाला बोला!

असा माणूस रिटायर होऊन घरी बसला की काय करतो? बायकोच्या चुका काढतो. बदलापूर गावातल्या घरामागे बकुळाची बदकं होती, त्यांच्यावर तर त्याचा डोळाच होता. हिचं खाद्य देणं अंदाजपंचे, पाणी कुठल्याही घमेल्यात, ना वजन ना वेळ. “तुझ्या बदकांना सिस्टिम नाही,” असं तो म्हणायचा. बकुळा म्हणायची, “नाही ना? पण बदकं आहेत.”

ही बदकं तिच्या आईची होती. वांगणीची म्हातारी गेली तेव्हा बाकीच्या बहिणींनी भांडी घेतली, बकुळाने टोपलीतून दोन बदकं आणली. या हिवाळ्यात कुत्र्यांनी आधी नर नेला. आठवड्याभरात मादीही नेली, आणि मागे राहिली तिची अकरा अंडी. बकुळाने डोळे पुसले, अंडी पदरात घेतली आणि शेजारच्या कौसाबाईकडे गेली. कौसाबाईची एक कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली सरकवून दिली. आमच्याकडे बदकाची अंडी अशीच उबवतात, कोंबडीला काय कळतंय!

नेमकं त्याच महिन्यात लेकीचं, मायाचं, बाळंतपण आलं. विठ्ठलवाडीला निघताना बकुळा पिशव्या रिक्षात ठेवून परत आत आली.

“अहो, आईचं एवढंच उरलंय. पिल्लं निघाली की कौसाबाई सांगतील तसं करा. तुमचं डोकं लावू नका.”

“मी एकतीस वर्षं माणसांच्या पोटात जाणारी औषधं पास केली,” कैलास म्हणाला. “ही तर बदकं आहेत.”

अठ्ठाविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. पिवळी, ओली, चपट्या चोचीची. कैलासने ती पाहिली मात्र, त्याच्या अंगात एकदम डिपार्टमेंट संचारलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोंबडीखालून पिल्लं काढली आणि टीव्हीच्या खोक्यात घातली. खाली रोज बदलायची स्वच्छ रद्दी, वर साठ वॅटचा बल्ब, भिंतीवर तक्ता. कोंबडीने त्याला टोचून रक्त काढलं. तिचं बरोबरच होतं.

“अरे, राहू दे तिच्यापाशी,” कौसाबाई म्हणाली. “आणि कोरडं नको घालू. बदकाचं पोर हाय ते, खाता खाता पाण्यात चोच घालतं. पसरट भांड्यात पाणी ठेव.”

“पाण्याने खोकं ओलं होतं, कौसाबाई. ओलाव्यात जंतू होतात.”

“होऊ दे ओलं. बदक कोरडं कवा बघितलंस तू?”

यावर कैलास हसला. कसं हसला ते आठवलं की आजही त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. समजूतदार माणूस अडाण्याकडे बघून हसतो ना, तसं हसला.

खाद्य त्याने स्वतः जाऊन आणलं. पोतं उचलायच्या आधी प्रोटीन पाहिलं, ओलावा पाहिला, तारीख पाहिली, शिवण ओढून पाहिली. दुकानदार म्हणाला, “शेठ, लग्न जुळवताय का?” पाण्याला त्याने पिल्लांना पाणी पाजायची छोटी उपडी बाटली आणली, तिच्या काठातून चोचीचं टोक तेवढं ओलं होतं. खोकं कोरडं ठणठणीत. दिवसातून चार वेळा खाद्य, स्टीलच्या चमच्याने सपाट करून. तिसऱ्या दिवशी त्याने फोटो काढून बकुळाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सगळं ओके.’

आठव्या दिवशी सगळ्यात लहान पिल्लू बसूनच राहिलं. कैलास म्हणाला, आळशी आहे. नवव्या दिवशी आणखी दोन बसली. थंडी आहे म्हणून त्याने बल्ब खाली घेतला. दहाव्या दिवशी लहानगं उठायला गेलं आणि त्याचे पाय दोन्हीकडे वाकून फाकले. ते पंखांवर रेटा देत खाद्याकडे सरकू लागलं. त्याच्या नाकपुड्यांत पीठ सुकून बसलं होतं. 

संध्याकाळी बकुळाचा फोन. “कशी आहेत?”

“ए-वन.”

“फोटो पाठवा ना.”

त्याने तिसऱ्या दिवशीचाच फोटो पाठवला. एका गोळीचा रंग फिका निघाला म्हणून ज्याने कंपनीतल्या पोरासोरांना रडवलं, त्या माणसाने हे केलं. दुसऱ्या दिवशीही तोच फोटो पाठवला, नुसता जरा कापून.

बाराव्या दिवशी तो खोकं छातीशी धरून सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर प्रीती म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने लहानग्याचा पाय हलकेच चाचपला.

“काका, खायला काय देता?”

“बेस्ट देतो, मॅडम. स्टार्टर, पिल्लांचं पहिलं खाद्य. प्रोटीन बरोबर, तारीख ताजी. सगळं चेक केलंय.”

“स्टार्टर कोणाचं? कोंबडीचं?”

 कैलासच्या डोळ्यांपुढे पोतं आलं. पोत्यावर कोंबडीच्या पिल्लाचं चित्र होतं. रंगीत, चांगलं हातभर. खाली तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोंबडीच्या पिल्लांसाठी.’ त्याने बारीक अक्षरं सगळी वाचली होती.

“त्यात यांना नायसिन पुरत नाही,” डॉक्टर म्हणाली. “बी-थ्री. बदकाची पिल्लं भराभर वाढतात, त्यांना कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. कमी पडलं की पाय जातात. काका? बसा, बसा, काय झालं?”

काय व्हायचंय? नायसिन कंपनीत निळ्या झाकणाच्या ड्रममधून यायचं. पांढरी पावडर. अकरा वर्षं त्यातल्या एकेका ड्रमवर कैलास शेलारची सही होती. साऱ्या देशाला पुरेल एवढं नायसिन त्याच्या हाताखालून गेलं, आणि घरातल्या सात पिल्लांना चिमूटभर मिळालं नाही. तो बाकड्यावर बसला आणि हसू लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. डॉक्टरने त्याला पाणी दिलं, बहुतेक जास्त काळजी तिला त्याचीच वाटली.

मग तिने सांगितलं. पाण्यातून द्यायला व्हिटॅमिन दिलं आणि किती घालायचं ते लिहून दिलं. खाद्य ओलं कालवा. त्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळा, त्यात बी-थ्री भरपूर असतं, जिमच्या पावडरींच्या दुकानात मिळेल, वाटाणे वाफवून कुस्करून घाला. शेजारी पसरट भांड्यात पाणी, नाकपुड्या बुडतील इतकं, पण पिल्लू बुडेल इतकं नाही. रद्दी काढा, तिच्यावरून पाय घसरतात, जुना टॉवेल घाला. थोडक्यात, अर्धं कौसाबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“सहा सुधारतील,” ती म्हणाली. “या लहानग्याचं सांगता येत नाही.”

यीस्टसाठी कैलास उल्हासनगरला गेला. जिमच्या पावडरींचं दुकान, पोस्टरवर दंड फुगवलेले पैलवान. सिंधी दुकानदाराने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे प्रेमाने पाहिलं.

“साईं, अच्छा किया आ गए. बॉडी बनानी है?”

“बॉडी नही, पैर,” कैलास म्हणाला. “बदक के.”

दुकानदाराने डबा पुढे केला. कैलासने चष्मा लावून तो चारी बाजूंनी वाचला, झाकणसुद्धा. मागे रांग लागली. लागू दे.

घरी येऊन त्याने आधी वाटाणे वाफवले, मग फोन उचलला. 

“बकुळा, मी चुकलो.” लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, त्यामुळे जरा अडखळत आलं. “पिल्लांचे पाय वाकलेत. मी त्यांना कोंबडीचं खाद्य घातलं. पाणी दिलं नाही नीट. तुझ्या आईचं एवढंच होतं, आणि मी... आणि ते फोटो जुने होते.”

पलीकडे बाळ रडत होतं. 

“माहितेय मला,” बकुळा म्हणाली. “पिल्लांखाली पेपर आहे ना, त्यावर साड्यांच्या सेलची जाहिरात. तीन फोटोंत तोच पेपर. तुम्ही म्हणे रोज बदलता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघत होते.” मग तिने विचारलं, “किती बसलीत?”

“तीन. लहानगं जास्त.”

“त्याला हातावर घेऊन भरवा. मांडीवर टॉवेल घ्या. आणि कौसाबाईंचे पाय धरा.”

पाय धरायला गेला तर कौसाबाईने पाय मागे घेतले. “आधी पिल्लं बघू दे,” म्हणाली. त्यानंतर महिनाभर कैलास शेलार मांडीवर टॉवेल पसरून बसायचा. भिजवलेलं खाद्य बोटावर घ्यायचा, लहानगं चपचप करत ते खायचं, पाण्यात चोच घालायचं आणि उरलेलं सगळं त्याच्या शर्टावर झटकायचं. भिंतीवरचा तक्ता असाच भिजून गळून पडला. बसलेली बाकीची दोन आठवड्याभरात उभी राहिली. लहानगंही उभं राहिलं, पण त्याचा डावा पाय आत वळलेलाच राहिला. दोन पावलं टाकून ते कलंडायचं, पुन्हा उठायचं. कैलास तेवढा वेळ श्वास धरून बसायचा.

बाळाला सव्वा महिना झाल्यावर बकुळा आली. हातातली पिशवीही खाली न ठेवता ती सरळ मागच्या अंगणात गेली. सहा बदकं घमेल्यात धुडगूस घालत होती. सातवं त्यांच्या मागून लंगडत येत होतं. तिने वाकून ते उचललं, पाय पाहिला, पाठीवरून हात फिरवला. कैलास भिंतीला टेकून उभा होता. समोर कुणीतरी आपला लॉट तपासतंय तेव्हा कसं वाटतं, हे त्याला साठाव्या वर्षी कळलं.

“हा पाय आता असाच राहणार,” तो म्हणाला. “माझ्यामुळे.”

“हो,” बकुळा म्हणाली. “तुमच्यामुळे.”

ती त्याच्याजवळ आली आणि तिने ते लंगडं बदक त्याच्या हातांत दिलं.

“जन्मभर जरा वाकडं दिसलं की परत पाठवलंत. हे नाही पाठवायचं. हे सांभाळायचं.”

बदकाने मान वर करून कैलासचं बोट चाचपलं. बोटावर खाद्य नव्हतं, तरी ते चपचप करत राहिलं.