तीन उजवी वळणे

माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी राहणार की जाणार, हे त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पाणीखात्याच्या वर्कशॉपच्या अंगणात ठरणार होते. ठरणार होते असे म्हणायचे एवढेच. साक्षी सुरू होण्याआधीच टंकलेखकाच्या लॅपटॉपवर ‘हलगर्जीपणा’ हा शब्द उमटलेला मी पाहिला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पडदा किंचित फिरवून घेतला. लाज शिल्लक असलेला तो तिथला पहिला माणूस.

धाकटी गळती शोधते. रस्त्याखालच्या नळाला कुठे भेग गेली आहे, हे ती लोखंडी काठीचे एक टोक जमिनीला आणि दुसरे कानाला लावून ऐकते. खात्यात तिला ‘कानवाली’ म्हणतात. आधी चेष्टेने म्हणत. मग तिने दाखवलेल्या जागी खणलेला एकही खड्डा कोरडा निघेना, तेव्हा जरा जपून म्हणू लागले. चौदा वर्षे ती दिवसातून साठ-सत्तर वेळा वाकली, आणि दोन वाकण्यांच्या मधला वेळ खात्याच्या मोटारसायकलवर वाकून बसली. कारण त्या गाडीचे हँडल इतके खाली आणि पुढे होते की चालवणाऱ्याने टाकीवर ओणवेच व्हावे. अखेर कण्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि हातात चिठ्ठी: हँडल दोन इंच वर घ्यावे, म्हणजे पाठ ताठ राहील आणि मनगटांवर भार येणार नाही.

दोन इंच वर जायला फायलीला सात महिने लागले. तिच्यावर अकरा सह्या झाल्या. अकरा सुशिक्षित माणसांनी त्या चिठ्ठीवर मान डोलावली, आणि शेवटी हँडलखाली बसवायचे दोन धातूचे ठोकळे मंजूर झाले. ते वर्कशॉपच्या मिस्त्रींनी बसवले. गाडी हातात आली त्या सकाळी धाकटीने मला फोन केला होता. म्हणाली, “ताई, खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय गं.”

फोन ठेवल्यावर चौथ्या मिनिटाला ती फाटकापाशी पोहोचली. शेडच्या दारातून फाटक सरळ समोर; तिथे रस्त्याला लागायचे तर काटकोनात डावीकडे वळावे लागते. ती पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने वळली. आणि गाडी एकाएकी सुसाट पुढे सुटून फाटकाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यावर गेली. त्याच्या नडगीचे दोन तुकडे झाले. त्याच दिवशी धाकटी निलंबित झाली आणि गाडीला सील लागले. या गोष्टीला अकरा आठवडे झाले होते. आरोप शाबीत झाला तर नोकरी आणि गाडीचा परवाना, दोन्ही जाणार होते.

नियमाप्रमाणे तिला एक सहायक आणता येत होता. सहायकाने बोलायचे नाही. काही विचारायचे असल्यास लेखी विनंती द्यायची. जुन्या हस्तलिखितांच्या नकला ताडून पाहण्यात माझी हयात गेली आहे. मुकाट बसून कागद वाचण्याचा अनुभव माझ्याइतका त्या अंगणात कुणालाच नव्हता, म्हणून मी आले.

शेडच्या दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या सावलीत टेबल मांडले होते. मध्ये चौकशी अधिकारी, एका बाजूला टंकलेखक, दुसऱ्या बाजूला आगारप्रमुख. आगारप्रमुखांच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री होती की आत माणूस असल्याचा पुरावा फक्त डोक्यावरून मिळत होता.

“इंजिनाला मन नसतं, बाई,” चौकशी अधिकारी सौजन्याने म्हणाले. “रेस आपोआप वाढत नाही. हात वाढवतो.”

“माझा हात जागचा हलला नाही, साहेब. आवाज आधी चढला. गाडी त्यानंतर सुटली.”

“इतक्या गडबडीत हे तुम्हाला कळलं?”

“आवाज कळणं हेच माझं काम आहे.”

आगारप्रमुख हसले. “यांना जमिनीखालचं सगळं ऐकू येतं, साहेब. समोर उभा असलेला माणूस तेवढा दिसत नाही.”

टंकलेखक सोडून सगळे हसले. धाकटीने पट्ट्यावर हात ठेवला आणि खुर्चीत थोडी सरकून बसली. तिला दुखत होते, आणि दुखते आहे हे या माणसांना दिसू द्यायचे नव्हते.

मग परीक्षण अहवाल वाचला गेला. चार पाने, प्रत्येकाखाली शिक्का. मूठ पिळली की रेस वाढते, सोडली की उतरते, ब्रेक उत्तम. वाहनात दोष नाही. परीक्षकांनी गाडी शेडमध्ये, डबल स्टँडवर, होती त्या जागी तपासली होती. त्यांना काय दिसले यावर त्यांनी चार पाने लिहिली; काय तपासले नाही यावर अर्थातच एक ओळही नव्हती.

“आता वाहन प्रत्यक्ष पाहू,” अधिकारी घड्याळाकडे नजर टाकत म्हणाले. “चालू करून आणा, म्हणजे नंतर तक्रार नको.”

मिस्त्री शेडमध्ये गेले. साठीला टेकलेला, अबोल माणूस. निवृत्तीला चार महिने उरलेले. धाकटी त्यांना काका म्हणते. तिची काठी वाकली की तेच ती सरळ करून देत. मघाशी त्यांची साक्ष अर्ध्या मिनिटात आटोपली होती: ठोकळे बसवले, घट्ट बसवले, सही माझीच. बोलताना त्यांनी धाकटीकडे पाहिले नव्हते.

किकचा आवाज आला. गाडी दारातून बाहेर आली. टेबल दारापासून दहा-बारा पावलांवर, डावीकडे होते. मिस्त्री डावीकडे वळले नाहीत. ते सरळ पुढे गेले, नळांच्या ढिगापाशी उजवीकडे वळले, ढीग संपल्यावर पुन्हा उजवीकडे, भिंतीशी आल्यावर तिसऱ्यांदा उजवीकडे, आणि ज्या दारातून निघाले त्याच्याच समोरून जात टेबलापाशी येऊन थांबले.

कुणाला काही वाटले नाही. आगारप्रमुख फायलीत टाचणी खुपसत होते. माझी नजर मात्र त्या वाटेवर अडली. नक्कल करणारा एखाद्या ओळीत जिथे अडतो, तिथे तो खोटे लिहीत नाही, वळसा घालतो. मी तीस वर्षे असेच वळसे शोधत आले आहे. आणि एका डाव्या वळणाऐवजी तीन उजवी घेणारा माणूस विसराळू नसतो.

“बघा साहेब, ठणठणीत आहे,” आगारप्रमुख म्हणाले. “झालं, मिस्त्री. आत लावा.”

मी हात वर केला.

“लेखी,” अधिकारी म्हणाले.

मी वहीचे पान फाडले. पेन एका ठिकाणी कागदातून आरपार गेले. एकच ओळ लिहिली आणि टंकलेखकाकडे दिली. त्याने ती अधिकाऱ्यांकडे सरकवली. तेवढ्यात मिस्त्रींनी गाडीचे तोंड शेडकडे फिरवायला घेतले होते, तेही उजवीकडूनच. गाडी एकदा आत गेली की चौकशी संपणार होती, आणि मंजुरीविना आत कुणी पाऊल ठेवू शकत नव्हते. अधिकाऱ्यांनी चष्मा शोधला. तो पुसला. मग वाचले.

“‘मिस्त्रींनी डावे वळण का टाळले?’” त्यांनी कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हते. “म्हणजे काय?”

“वेळकाढूपणा, साहेब,” आगारप्रमुख म्हणाले. “गाडी आल्याशी मतलब. कुठून आली याच्याशी काय करायचंय?”

पण अधिकाऱ्यांनी तो कागद मोठ्याने वाचला होता, आणि टंकलेखकाने तो टंकलाही होता. लिहिल्या गेलेल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर कागद अपुरा दिसतो. कागद अपुरा दिसण्याची त्यांना माणूस बडतर्फ होण्यापेक्षा जास्त भीती असावी.

“थांबा, मिस्त्री. परत आणा पाहू, या बाजूने. डावीकडे वळून.”

मिस्त्री थांबले. इंजिन फटफटत होते. त्यांनी टेबलाकडे पाहिले, टंकलेखकाकडे पाहिले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच धाकटीकडे.

“आणा ना,” अधिकारी म्हणाले.

“नाही आणत, साहेब.”

“का?”

“इकडं माणसं बसलीत.”

टंकलेखकाची बोटे थांबली. आगारप्रमुखांनी खुर्ची हळूच मागे घेतली. त्यांना निदान अर्थ कळला होता.

धाकटी उठली. खुर्चीच्या पाठीला धरून, दोन टप्प्यांत उठली. “काका, न्यूट्रलमध्ये टाका आणि डबल स्टँडवर घ्या.” मग टेबलाकडे वळून म्हणाली, “आणि तुम्ही सगळे जरा बाजूला व्हा. एकदा झालंय तेवढं पुरे.”

मिस्त्रींनी गाडी स्टँडवर चढवली. मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले. धाकटी गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. उजवा हात तिने खांद्याच्या वर उचलला आणि बोटे पसरली, सगळ्यांना दिसतील अशी. डाव्या हाताने हँडल धरून ते सावकाश आपल्याकडे ओढू लागली.

पहिल्या वीतभर अंतरात काहीच झाले नाही. आगारप्रमुखांनी फाईल मिटली. मग हँडल आणखी वळले आणि इंजिनाचा सूर बदलला. आधी कुरकुरल्यासारखा, मग चढत चढत गेला. हँडल टोकाला टेकले आणि गाडी नुसती किंचाळू लागली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. उजव्या मुठीवर हात नव्हता. हात हवेत होता.

तिने हँडल सरळ केले, आवाज उतरला. पुन्हा वळवले, पुन्हा चढला. तिसऱ्यांदा वळवायची गरज नव्हती, तरी तिने वळवले. अकरा आठवड्यांनंतर तेवढा हक्क तिला होता.

गाडी बंद करून ती म्हणाली, “ऐकलंत?”

मिस्त्री जमिनीकडे बघत बोलले. “हँडल वर गेलं, केबल जुनीच राहिली. सरळ असताना पुरते. डावीकडे पूर्ण वळवलं की ताणते, आतली तार ओढली जाते, आणि मूठ न पिळताच रेस चढते. ठोकळे घातले की लांब केबल घालावीच लागते. मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं.”

“लेखी?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले.

“नाही.”

“मग झालं तर,” आगारप्रमुख म्हणाले.

“साहेब म्हणाले, मंजुरी ठोकळ्यांची आहे, केबलची नाही. केबल सामानाच्या पुढच्या मागणीत घालू. तोवर गाडी देऊन टाका, फाईल फार दिवस पडलीय.”

“साफ खोटं!” आगारप्रमुख ताडकन उठले. “पुढच्या मागणीत असं मी म्हणालोच नव्हतो. त्याच्या पुढच्या मागणीत म्हणालो होतो!”

टंकलेखकाची बोटे चालू लागली. त्याला कुणी सांगितले नव्हते. आपण काय बोललो हे इस्त्रीच्या आतल्या माणसाला ते वाक्य टंकून झाल्यावर कळले. तो खाली बसला.

माझा राग त्याच्यापाशी थांबला नाही. तसला माणूस मला अनपेक्षित नव्हता. मी मिस्त्रींकडे पाहत होते. या माणसाच्या बोटांना ते वळण ठाऊक होते. अकरा आठवडे ठाऊक होते. सहीच्या वेळी ठाऊक होते, आणि मघाच्या साक्षीच्या वेळीही.

“काका,” धाकटी म्हणाली, “मला सांगायचं होतंत. डावीकडे जपून, एवढंच. मी जपले असते.”

“सांगणारच होतो गं. तू आलीस तेव्हा मी टँकरखाली होतो. म्हटलं, दुपारी सांगू.”

“आणि नंतर?”

मिस्त्रींनी हातातल्या फडक्याने हात पुसले. हात स्वच्छ होते. धाकटीने उत्तर पुन्हा मागितले नाही. मी मागितले असते. पण मला लेखी विनंती द्यावी लागली असती.

चौकशी अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज आता विलक्षण मऊ झाला होता. आरोप सिद्ध होत नाही, निलंबन मागे घेतले जाईल, आगारप्रमुखांचा खुलासा स्वतंत्रपणे मागवला जाईल. “आणि तातडीचा उपाय म्हणून,” ते टंकलेखकाला सांगू लागले, “सदर ठोकळे काढून हँडल मूळ उंचीवर आणावे.”

सात महिने, अकरा सह्या, एका माणसाची नडगी आणि एका बाईची अब्रू खर्च करून खाते जिथून निघाले होते तिथे परत येत होते. त्यात वाईट हेतू नव्हता, हेच सर्वांत भयंकर. अपघात उंचीने केला, तर उंची काढा. त्यांना ते न्याय्य वाटत होते. माझ्या हातातल्या वहीचे पान चुरगळले गेले.

“नाही,” धाकटी म्हणाली.

“काय नाही?”

“उंची तशीच राहणार. केबल बदला.”

“बाई, केबलची मंजुरी…”

“आज घ्या. साहेब समोरच बसलेत. त्यांच्या पुढच्याच्या पुढची मागणी आजच करून टाकू.”

टंकलेखक खाली बघून हसला. अधिकाऱ्यांनी आगारप्रमुखांपुढे कागद सरकवला. त्यांनी सही केली. फायलीवरची ती बारावी सही. वेळ लागला पाऊण मिनिट.

धाकटी गाडीवर बसली. पट्ट्यातून ताठ, हात सैल, खांदे मोकळे. फोनवर तिने सांगितलेले खुर्चीत बसणे मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होते. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली, एक टोक मुठीपाशी धरले, दुसरे टाकीखाली नेले.

“सरळ हँडलवर मापू नका, काका,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी हँडल डावीकडे वळवू लागली. “इथून मापा. थांबा. अजून वळतंय.”