जोडी नसलेलं गुणसूत्र

थोरलीला कुणी विचारलं असतं, तर तिने देवाशपथ सांगितलं असतं की धाकट्या जावेबद्दल तिच्या मनात काही नाही. धाकटीला या प्रयोगशाळेत तिनेच लावून दिलं होतं. पण हल्ली डॉक्टरबाई "धाकटीचा हात काय हलका आहे हो" म्हणाल्या, की थोरली ऐकलंच नाही असं दाखवून कात्री पुसत बसायची. घरी सासूबाईंचं तेच, इथे बाईंचंही तेच. मग माणसाने श्वास घ्यायला जायचं तरी कुठे?

काम नाजूक होतं. रात्री जागणाऱ्या, टपोऱ्या डोळ्यांच्या दक्षिण अमेरिकी माकडांचं रक्त प्राणिसंग्रहालयातून यायचं. त्यातल्या एकेका पेशीचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, फोटोतली गुणसूत्रं कात्रीने सुटी करायची आणि सारख्याला सारखं शोधून कागदावर जोड्या चिकटवायच्या. तुकडे एवढेसे, की टेबलापाशी शिंकायचीही चोरी.

या वेळी बाईंनी एकाच नराच्या दोन पेशींचे फोटो दोघींना दिले. "शोधनिबंधात जोड्यांचा तक्ता छापायचाय. जिचा नीट जमेल, तिचं नाव खाली येईल," म्हणाल्या.

इतकी वर्षं या कामात थोरलीने डोळे घालवले, पण छापील नाव कधी वाट्याला आलं नव्हतं. आणि ते आता कालच्या पोरीने न्यायचं?

ती ईर्षेने बसली. जोड्या भराभर लागल्या, पण शेवटी एक गुणसूत्र एकटंच उरलं. याच जातीच्या मादीची तिने केली होती तेव्हा नीट पन्नास भरली होती, इथे एकोणपन्नास. तिने टेबलाखाली पाहिलं, कपडे झटकले, चपलेचे तळवे उलटून पाहिले. बाईंकडे दुसरी प्रत मागावी, तर आपण तुकडा हरवला हे धाकटीला कळणार. त्यापेक्षा तिने रद्दीतल्या एका फोटोतलं बारकंसं गुणसूत्र कापलं आणि त्या एकट्याशेजारी गुपचूप बसवून टाकलं.

"ताई, जरा बघता?" धाकटीने कागद पुढे केला. "माझं एक एकटंच राहतंय."

म्हणजे हिनेही पाडलं तर. दोघींचं नेमकं एकच कसं हरवेल, हा विचार खरं तर तेव्हाच यायला हवा होता. पण थोरलीच्या मनात आनंदाचीच एवढी गर्दी झाली, की त्याला शिरायला जागा उरली नाही.

"राहू दे की," ती मधाळपणे म्हणाली. "बाई बघतील."

बाईंनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. "थोरले, हे बारकं कुठलं?"

"फोटोतलंच, बाई."

"बाकीची सगळी करडी आणि हे एकटंच काळंकुट्ट?"

थोरलीने त्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"या माकडांच्या नरात एक कमीच असणार, असा माझा संशय होता," बाई चष्मा काढत म्हणाल्या. "नराला नर करणारं बारकं गुणसूत्र दुसऱ्या एकाला कायमचं चिकटलंय, त्यामुळे त्याचा जोडीदार एकटा उरतो. म्हणून तर दोघींना काही न सांगता एकाच नराचे फोटो दिले. दोघींचंही एक कमी आलं असतं, तर दोन्ही तक्ते छापले असते."

"मलाही दुसरीकडचं लावायचा मोह झाला होता," धाकटी म्हणाली. "पण ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे आहे तेच चिकटवायचं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. सव्याज परत करता आला असता. पण धाकटीच्या तोंडावर खरोखरीचं कौतुक होतं, आणि थोरलीला तेच सोसवेना.

तिने नखाने ते काळं गुणसूत्र खरवडून काढलं. खाली कागद फाटला.

"बाई, तोच फोटो परत द्याल? पहिल्यापासून करते."

"आता छापायला वेळ नाही हो."

"छापू नका. करू तर द्या."

बाईंनी दुसरी प्रत काढून दिली. धाकटीने न बोलता कात्री तिच्याकडे सरकवली. थोरलीने ती घेतली, आणि धाकटीचा तक्ता नजरेला पडणार नाही इतपत खुर्ची वळवून कापायला बसली.