भोक पाडण्याआधी

काचवाल्याने टाकीखाली जुनी चादर अंथरली, मागच्या काचेवर पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाला, “काच आणि जावई, दोघांनाही जोर लावून चालत नाही.” लेक हसली. बाबा हसले नाहीत.

टाकी चार फुटी, रिकामी. मासे दोन टबांत, वर जाळी टाकून ठेवलेले. महिन्यापूर्वी याच टाकीतलं पाणी काठावरून वाहिलं, जमिनीत मुरलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताचा गिलावा पडला. लेकीने आठ वर्षं सांभाळलेला ठिपक्यांचा मासा कपाटामागे कोरडा सापडला.

दोष लेकीने स्वतःकडे घेतला. टाकीला भोक पाडायला जीव धजेना, म्हणून तिने काठावर वाकडी नळी बसवली होती. जादा पाणी त्या नळीतून टाकीखालच्या पेटीत उतरायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. नळीत हवा साठू नये म्हणून एक बारीक रबरी नळी ती हवा सतत ओढून घ्यायची. ती बंद पडली तर पाणी खाली उतरायचं थांबणार आणि पंप मात्र वर ओततच राहणार. मी टाकी जपत बसले, असं ती काकूंकडे तीनदा जाऊन सांगून आली होती. काचेला भोक असतं तर पाणी आपसूक उतरलं असतं.

बारीक नळी बाबांनीच उपसली होती. ती गुरगुरायची, बाबांना वाचू द्यायची नाही. एवढं प्रकरण संपवू, मग लावू, असं म्हणून ते पुस्तकात शिरले ते शिरलेच. पाय ओले झाल्यावर ते भानावर आले. आणि लेक घरी पोचायच्या आत त्यांनी नळी जागच्या जागी बसवून टाकली. पाणी सांडलं ती चूक. नळी परत लावली तिला मात्र चूक म्हणता येत नव्हतं. दुसरा शब्द त्यांना ठाऊक होता.

काचवाला सांगत होता, की जुनी काच आहे, दहांत एखादी तडकते. तडकली तर टाकी गेली, आपली हमी नाही. लेकीने ओठ चावला. ही टाकी तिने पहिल्या पगारातून घेतली होती.

“तडकली तर तडकली,” ती म्हणाली. “माझ्या चुकीची शिक्षा माशांना नको.”

काचवाल्याने ड्रिल उचललं.

“थांबा,” बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “थांबा जरा. नळी बिघडली नव्हती. मी काढली होती. आवाज व्हायचा म्हणून. आणि नंतर… नंतर परत लावली, तू यायच्या आधी.”

काचवाला चादरीच्या सुरकुत्या सारख्या करू लागला. लेकीने टबावरची जाळी नीट ओढून घेतली.

“पंप बंद करायचं बटण तिथंच होतं ना?”

“सुचलं नाही गं.”

“आणि मी महिनाभर काकूंसमोर मान खाली घालून जातेय, ते दिसत होतं?”

“दिसत होतं.”

तिने मान हलवली. बाबांना वाटलं, आता ती काचवाल्याला परत पाठवेल, निदान टाकी तरी वाचेल. तेवढ्यासाठीच का आपण बोललो, असाही एक किडा डोक्यात वळवळला.

“पाडा भोक,” ती काचवाल्याला म्हणाली.

“अगं, पण नळी तर चांगली आहे.”

“म्हणूनच, बाबा. नळी बिघडली असती तर नवी आणली असती.”

ड्रिलखाली सतत पाणी लागतं, कुणीतरी ओतायला हवं, असं काचवाला म्हणाला. तिने तांब्या भरला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा वाकून धार धरून उभे राहिले. काचेचं पांढरं पीठ त्यांच्या मनगटावरून ओघळू लागलं. घरघर कान किटवणारी होती, पण दुसरा हात कानावर न्यायचं त्यांचं धाडस झालं नाही.