धक्क्यापाशी पाडलेलं एक भोक

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे, पण सुताराच्या पिशवीत असतं ते नव्हे. ते बिचारं बोटभर लाकडाला भोक पाडून दमतं. मी तुमच्या छातीपर्यंत येईन एवढं उंच आहे आणि माझं काम गोठलेल्या तळ्याला भोकं पाडायचं. खाली मळसूत्रासारखं वळलेलं पातं, मध्ये लोखंडी दांडा आणि वर दोन हातांनी फिरवायची लाकडी मूठ, असा माझा थाट. आता अंगावर गंजाचे डाग आहेत आणि मूठ फिरताना किरकिरते. म्हातारपणी कोण किरकिरत नाही?

माझा जन्म आमच्या गावच्या लोहाराकडे झाला. गाव तळ्याच्या दोन्ही काठांना पसरलेलं. अलीकडे बाजार, बेकरी आणि शाळा, पलीकडे गिरणी आणि निम्मी वस्ती. उन्हाळ्यात नाव चालायची. हिवाळ्यात तळं गोठलं की माणसं त्यावरून चालत जायची, कारण तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता फार लांबचा. तळं चालण्याजोगं झालं की नाही, हे ठरवायचं काम तळ्याच्या राखणदाराचं. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांनीच मला घडवून घेतलं. पहिल्यांदा तर त्यांनी मला परत पाठवलं. लोहाराला म्हणाले, "हे बर्फ कापत नाही हो, गुदगुल्या करतं." लोहार रागावला, पण त्याने माझं पातं पुन्हा तापवून नीट वळवलं. तेव्हापासून मी बर्फात असं उतरायचो, की बघणाऱ्याने बघत राहावं. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण करायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

कडाक्याची थंडी पडली की बाबा सकाळीच मला खांद्यावर टाकून निघायचे. पहिलं भोक नाव लागायची त्या धक्क्यापाशी, मग पावलापावलाने मधल्या बाजूला, मग लव्हाळ्यांजवळ आणि शेवटी ओढा तळ्याला मिळतो तिथे. प्रत्येक भोकात ते काठी घालून बर्फाची जाडी बघायचे. धक्क्यावर लोक पाय आपटत, हातांवर फुंकर मारत उभे असायचे. कोणीतरी ओरडायचंच, "बाबा, धक्क्यापाशी वीतभर लागला ना? मग झालं की." बाबा घाईला भीक घालत नसत. म्हणायचे, "तळं एक आहे, पण त्याचा बर्फ एक नाही. धक्क्याच्या सावलीत तो जाड होतो. ओढ्याचं पाणी वाहतं, तिथे तो धरतच नाही. आणि जिथे भुसभुशीत हिम साचलंय, तिथे ते तळ्यावर दुलईसारखं पडतं. खाली ऊब राहते आणि बर्फ वाढत नाही." सगळी भोकं मनासारखी लागली, की ते धक्क्यावर लाल फडकं बांधायचे. मग काय विचारता! मुलं पळत सुटायची आणि जाता जाता माझ्या मुठीवर थाप मारायची.

त्या गर्दीत बेकरीवाल्यांची घसरगाडी सगळ्यांत पुढे असायची. तिच्यावर पावांची पोती आणि पोत्यांवर बसवलेला त्यांचा लहान मुलगा. खालून गरम पाव, वरून थंड वारा, असा तो राजासारखा पलीकडे जायचा. पुढे त्याच्या बहिणीचं बाबांशी लग्न झालं आणि बाबांच्या मुलीचा तो मामा झाला. मग सगळं गावच त्याला मामा म्हणू लागलं.

मित्रांनो, सुखाचे दिवस असे भराभर गेले. मग हिवाळे मऊ होत गेले. एखाद्या वर्षी बर्फ दुधावरच्या सायीएवढा यायचा आणि दुपारी विरघळायचा. बाबा मला घेऊन जायचे, एक-दोन भोकं पाडायचे आणि मान हलवून परत यायचे. मग तेही बंद झालं. नाव ऐन हिवाळ्यातही चालू लागली. बाबा गेले. त्यांच्या मुलीने, आमच्या ताईने, नाव हाती घेतली आणि मी धक्क्यावरच्या खोपटात खिळ्याला लटकून राहिलो. शेजारी एक मोडकं वल्हं आणि काच फुटलेला कंदील. आम्हा तिघांचं बरं जमायचं, कारण तिघांनाही कोणी विचारत नव्हतं. एकदा शाळेची मुलं आली. माझ्याकडे बघून एक मुलगी म्हणाली, "हे राक्षसाच्या बाटलीचं बूच काढायचं असणार." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आणि मग या वर्षीची थंडी आली. काय सांगू तुम्हाला! नळ फुटले. दारात ठेवलेलं दूध दगड झालं. बेकरीतलं पीठ फुगायला तयार होईना. नाव धक्क्याशीच बर्फात अडकून पडली, म्हणून ताई खोपटात शेगडी पेटवून वल्ही रंगवत बसू लागली. मामा रोज पाव पोचवून शेगडीपाशी हात शेकायला यायचा. केस पिकले होते, पण जीभ काही दमली नव्हती.

"काय गं," तो म्हणायचा, "ती तुमची तापलेली पृथ्वी कुठे गेली? तिला म्हणावं माझ्या बेकरीत ये. पीठ फुगत नाहीये."

ताई रंगाचा हात न थांबवता म्हणायची, "एका हिवाळ्याने काय ठरतं, मामा? ही या वर्षीची हवा झाली. हवामान म्हणजे वर्षानुवर्षांचा हिशेब. मागचे हिवाळे आठव की. नाव कधी थांबली होती का?"

"मागचं मागे. आज माझे दात वाजतायत त्याचं बोल. शितावरून भाताची परीक्षा होते, पोरी."

"थंडी येणं काही बंद झालेलं नाही. यायची तेव्हा येणार. पूर्वी ती दरसाल यायची, आता पाहुण्यासारखी येते."

"पाहुणी म्हणे. मुक्कामाला आलीये ती."

मी खिळ्यावरून सगळं ऐकत होतो. खरं सांगू? मला मामाचंच म्हणणं पटावंसं वाटत होतं. पुन्हा जुने दिवस यावेत, पुन्हा मुलांनी माझ्या मुठीवर थाप मारावी, हे कोणाला नको असेल?

मामाला मात्र माझ्याहून जास्त घाई होती. त्याची नात सुट्टीला आली होती. एवढीशी, म्हणून तिला सगळे पिटुकली म्हणत. मामाने माळ्यावरून वडिलांची घसरगाडी काढली होती, पुसली होती, तिला नवा दोर बांधला होता. पिटुकलीला पावाच्या पोत्यावर बसवून, वडिलांनी त्याला नेलं तसं पलीकडे न्यायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

"तळं पुन्हा गोठेल असं मला वाटलंच नव्हतं गं," तो ताईला म्हणाला. "आणि आता गोठलंय, तर पिटुकली उद्या घरी चालली. थंडीही उद्यापासून ओसरणार म्हणतायत. आज नाही तर मग कधी?"

ताई म्हणाली, "मी गावात जाऊन दोर घेऊन येते. मग सगळीकडे भोकं पाडून बघू. लागलं तर लागलं, नाही तर नाही. तोवर पाऊल टाकायचं नाही."

"बरं," मामा म्हणाला. पण ताई वळणावर दिसेनाशी झाली आणि त्याने मला खिळ्यावरून उतरवलं.

कितीतरी वर्षांनी मला माणसाच्या हातांची ऊब लागली. मी आनंदाने वेडं झालो. मामाने मला धक्क्याच्या सावलीत बर्फावर टेकवलं आणि जोर लावून फिरवलं. गंजलेलं असलो तरी मी उतरलो. बर्फाचा पांढरा भुगा उडाला. मी उतरतोय, उतरतोय, तरी पाणी लागेना. शेवटी दांड्यापर्यंत गेलो तेव्हा कुठे ओल लागली.

"हे बघ," मामा पिटुकलीला म्हणाला. "माझ्या लहानपणीसुद्धा एवढा जाड नव्हता. हत्ती चालेल यावरून."

"आणखी भोकं नाही पाडायची?" पिटुकलीने विचारलं. मुलांना नको ते बरोबर सुचतं.

"भाताची परीक्षा शितावरून होते, बाळा. अख्खा हंडा कोणी चावून बघतं का?" आणि त्याने मला तिथेच बर्फात रोवून ठेवलं.

मित्रांनो, लोखंडाला तोंड नसतं याचं मला एरवी कधी वाईट वाटलं नाही. त्या सकाळी वाटलं. पिटुकली पोत्यावर बसली. एक गरम पाव तिच्या मांडीवर होता. मामाने दोर खांद्यावर घेतला आणि सरळ मध्याकडे निघाला, ओढ्याच्या तोंडासमोरून, कारण पलीकडची सगळ्यांत जवळची वाट तीच. तिथे बर्फावर हिमही साचलेलं होतं. वरून सगळं सारखंच पांढरं दिसत होतं.

तेवढ्यात ताई दोर घेऊन धक्क्यावर आली. तिने पाहिलं आणि ती किंचाळली नाही. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "मामा, आहेस तिथेच थांब. आता हळूच वळ आणि आपल्याच पावलांवरून मागे ये. पिटुकली, तू हलू नकोस गं."

मामा थांबला. कुरकुरत का होईना, परत आला. "वीतभराच्या वर आहे बर्फ," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलाय."

"किती भोकं पाडलीस?"

"एक. पण कसलं भोक!"

ताईने दोराचं एक टोक धक्क्याच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मधला दोर मामाच्या हातात दिला. पिटुकलीला धक्क्यावर उभं केलं. मग मला उपसून घेतलं आणि मामाच्याच वाटेने निघाली. काही पावलांवर तिने मला फिरवलं. बर्फ जाड होता, पण धक्क्यापाशी होता तेवढा नाही. आणखी पुढे त्याहून कमी. मामाची पावलं संपली तिथे जेमतेम चार बोटं. त्यापुढे ती पोटावर झोपली, मला हातभर पुढे धरून सरपटत गेली आणि मी नुसतं टेकून एक वेढा घेतला. दुसरा पुरा व्हायच्या आत मी आरपार गेलो. गार पाणी भसकन वर आलं आणि ताईच्या बाह्या भिजल्या. बर्फ खालून कण्हला. तो आवाज मी ओळखतो.

"ओढ," ताई म्हणाली.

मामाने ओढलं. ती सरपटत मागे आली. ताई पुरती धक्क्यावर आली तरी तो दोर सोडीना.

"माझ्या वाटेत होतं ना ते?" त्याने विचारलं.

"सरळ तुझ्या वाटेत."

मामा मटकन घसरगाडीवर बसला. बराच वेळ त्याने पिटुकलीला जवळ धरून ठेवलं. ती म्हणाली, "आजोबा, माझा पाव चेपतोय," तेव्हा त्याने हात सैल केले.

खोपटात शेगडीपाशी ताईने बाह्या वाळवल्या. मामा म्हणाला, "भावोजींनी हे मला शंभरदा सांगितलं होतं. मला वाटायचं, माणूस उगाच वेळ काढतोय." मग शेगडीत बघत म्हणाला, "भात ढवळलेला असतो गं. म्हणून त्याचं एक शीत चालतं. तळं कोण ढवळणार?"

"आणि हिवाळे?" ताईने हळूच विचारलं.

"तेही ढवळलेले नसतात," मामा म्हणाला. "हा हिवाळा म्हणजे माझं धक्क्यापाशी पाडलेलं भोक. खूश हो आता."

ताई खूश झाली नाही. तिचे डोळे भरले. तिलाही तळं पूर्वीसारखं हवं होतंच की. वाद जिंकून तिच्या हाती काय येणार होतं?

मग तिने धक्क्याच्या आसपास, काठाकाठाने मला फिरवून फिरवून भोकं पाडली. कितीतरी वर्षांत मी एवढं काम केलं नव्हतं. जिथे बर्फ खात्रीचा लागला तेवढ्या पट्ट्यात मामाने पिटुकलीला पोत्यावर बसवून फिरवलं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, स्वतः दमेपर्यंत. ती खुदखुदून हसत होती. थांबले तेव्हा तिने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून विचारलं, "तिकडे पुढच्या वर्षी जायचं?"

मामाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तो म्हणाला, "माहीत नाही गं, बाळा." मी त्याच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी पिटुकली गेली. थंडी ओसरली आणि तळ्याच्या मध्यावर पाणी दिसू लागलं. मामा बेकरीतून पावांच्या साच्यांना लावायचं तेल घेऊन आला आणि त्याने माझा गंज घासून मला चोपडून काढलं. तेव्हापासून मला पावाचा वास येतो. शेजारचं वल्हं माझी थट्टा करतं, पण त्याला हेवा वाटतो हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझं पुढे काय होईल मला माहीत नाही. पण एक मागणं आहे. कडाक्याचा एखादा हिवाळा आला आणि कोणी हात चोळत म्हणालं, "बघा, सगळं पूर्वीसारखं झालं," तर त्याच्यावर हसू नका. कदाचित त्यालाही कोणाला तरी पलीकडे न्यायचं असेल. फक्त त्याला विचारा, भोकं किती पाडलीत? आणि मग मोठ्यांना, आणि मोठे झालात की स्वतःला, हेही विचारा, की हे तळं पुन्हा दरसाल गोठावं म्हणून आपण काय करतोय. मला अधूनमधून तेल लावत जा. पिटुकलीला अजून पलीकडे जायचंय.