बजरंगची निळी टोपी

आमच्या गावात माणूस रंगावरून ओळखतात आणि रंग देणारा मी एकटाच, पंडित पेंटर. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला. आता निवडणुकीच्या भिंती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एवढंच उरलंय. म्हणून बजरंगच्या पुतळ्याचं काम आलं तेव्हा, खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. लाज नंतर वाटली.

बजरंग हा रुक्मिणीवहिनीचा एकुलता एक. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि हा मागे राहून मांजरसुंब्याच्या रस्त्याला भरतीसाठी पळायचा. फौजेत लागला, तिथून शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेला. निर्वासितांच्या छावणीला पाण्याचा टँकर नेताना ओढ्याला लोंढा आला आणि टँकरसकट वाहून गेला. बीड जिल्ह्याचं पोरगं पुरात गेलं! आमच्याकडे टँकर आठ दिवसांनी येतो, तोही भांडल्यावर.

प्रेत पेटीतून आलं. सोबतच्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, पेटी उघडू नका. वहिनी म्हणाली, "तोंड नका दावू, पर आंघूळ तरी घालू द्या." पेटीवर झेंडा होता, तो भिजेल म्हणून तांब्याभर पाणीही सोडू दिलं नाही. ती भरलेला तांब्या तसाच घरी घेऊन गेली.

वर्षाने बंकटतात्यांनी पुतळा आणला. तात्या जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आणि निवडणूक आली की 'माजी' हा शब्द त्यांना फार टोचतो. फायबरचा अर्धपुतळा, रंगकाम माझ्याकडे. वहिनी फडावरून दोन दिवसांसाठी आली. नवरा आश्रुबा तिकडेच ऊस तोडत राहिला. तिने पिशवीतून बजरंगची टोपी काढली, आकाशासारखी निळी, आणि टोपी घातलेला त्याचा फोटोही दाखवला.

"भावजी, टोपी अशीच निळी करा. घरात त्याचे लई फोटो हायेत, पर हासताना ह्यो एकच हाय."

मी ती टोपी समोर ठेवून रंग मिसळला. चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमला. ऑइलपेंटचे दोन हात दिले. फोटोत बजरंगला मिशी नव्हती, म्हणून मीही दिली नाही. इतकं मन लावून मी माझ्या घराचं दारसुद्धा रंगवलेलं नाही.

अनावरणाच्या आदल्या दिवशी तात्या आले.

"टोपी निळी कामून रं?"

"तिकडं तशीच असती, तात्या. साऱ्या जगाच्या शांतिसैनिकांची निळीच."

"जग मतदानाला येनार हाय का हितं? निळी बगितली की आपली आळी म्हनंल, तात्या पलीकडच्या वस्तीला जाऊन मिळाले."

"मंग हिरवी करू. फौजी रंग हाय."

"हिरवी?" तात्यांनी मशिदीच्या बाजूला पाहिलं. "तुला गावात राहायचंय का न्हाई? भगवी कर. आन मिशा दाव चांगल्या पिळदार. बिगरमिशीचा फौजी शोभत न्हाई."

"ऑइलपेंट सकाळपस्तोर वाळायचा न्हाई, तात्या."

"मंग दुसरा कोन्ताबी लाव. फोटोत भगवा दिसला म्हंजे झालं."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. पोट आणि जीभ एकाच माणसाला दिली की असं होतं. शाळेच्या कपाटातले पोस्टर कलर आणले आणि निळ्यावर भगवा थापला, ओठांवर मिशा काढल्या. सकाळी पुतळ्याला दुधाचा अभिषेक आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं.

सकाळी पुतळ्यावरचा पडदा बाजूला झाला. टाळ्या झाल्या. वहिनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होती. तिने पुतळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भावजी?" एवढंच म्हणाली. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

तात्यांनी माईक धरला. बजरंगने शत्रूच्या छातीवर पाय ठेवला, सरहद्द राखली, गोळ्या झेलल्या. वहिनी शेजारणीला सांगत होती, "त्यो पानी घिऊन चालला हुता गं." पण माईक तात्यांच्या हातात होता.

मग दुग्धाभिषेक. हल्ली पुतळा कुणाचाही असो, दुधाशिवाय तो पूर्ण होत नाही. तात्यांनी कॅनमधला पहिला तांब्या ओतला आणि मिशा ओघळल्या. दुसऱ्या तांब्याला टोपी ओघळली. भगवं दूध बजरंगच्या गालांवरून उतरलं, तात्यांच्या पांढऱ्या बाह्यांवर उडालं. कुणीतरी मागे फिस्कन हसलं आणि गप्प झालं. टोपीचा निळा रंग उघडा पडला होता.

वहिनी उठली. आता ही हंबरडा फोडणार म्हणून बायका धावल्या. ती मंडपामागे गेली. आठ दिवसांनी येणारा टँकर त्या दिवशी पाहुण्यांसाठी सकाळपासून उभा होता. तिने घागर भरली, आणली आणि पुतळ्यावर हळूहळू ओतली. मग पदराने कान पुसले, मानेवरचं दूध पुसलं, गालावरचा रंग चोळून काढला. लहान पोराला न्हाऊ घालतात ना, अगदी तसं.

"पेटीतून आलास तवा हात लावू दिला न्हाई रं," ती म्हणाली. "घे, झाली आंघूळ."

मला रडू आलं. लपवलं नाही. तात्यांनी माईक खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि जेवून जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी केजहून बसने फडावर गेली. त्याच दुपारी तात्यांनी माझ्याकडे भगव्या ऑइलपेंटचा डबा पाठवला. तेव्हापासून माझा उजवा हात दुखतो. तीन डॉक्टर झाले, कुणाला काही सापडत नाही. डबा तसाच बंद आहे.