परसातली पंगत

"हा रं हा काळ्या, जा खाडीच्या पल्याड,
माजं सुकतंय बोंबील, तुजं न्हाय रं घबाड."

धुक्यातून आलेला तो आवाज हरेश्वर तांडेलाच्या कानात अजून तसाच होता. ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. बाप तापाने फणफणून होडीच्या तळाशी पडलेला, सुकाणू पहिल्यांदाच पोराच्या हातात, आणि धुकं असं की आपलाच पंजा आपल्याला दिसू नये. खडक कुठे, खाडीचं तोंड कुठे, काही उमगेना. तेवढ्यात किनाऱ्यावर कोणा पोरीने कावळे हाकायला गळा मोकळा सोडला. उंच, धारदार, शेवटच्या अक्षराला झोका देणारा. हरेश्वराने सुकाणू त्या झोक्याकडे वळवलं आणि होडी अलगद वाळूला लागली.

ही गोष्ट कोळीवाड्यात लहानथोरांना पाठ होती. फक्त त्यात तो आवाज नव्हता. हरेश्वर सांगायचा तो प्रकार निराळाच. हळदीला, लग्नाला, होडीच्या पूजेला, कुठेही चार माणसं बसली की तो नाकाला बोट लावून म्हणायचा, "मला जमिनीचा वास आला. वासावर आणली होडी." त्या वासावर तो पुढे तांडेल झाला, दर्यावर त्याचा शब्द चालू लागला. धुक्याच्याच वर्षी बापाकडे हट्ट धरून त्याने त्या आवाजाची पोरगी घरात आणली. तिचं नाव नीरा. तिलाही त्याने वासाचीच गोष्ट सांगितली, आणि तीही ती जन्मभर कौतुकाने ऐकत आली. मध्ये कुठे नवरा अडखळलाच, तर पुढचं वाक्य तीच पुरवायची.

आता हरेश्वराचे गुडघे कुरकुरू लागले होते. गांधीबाबाने मीठ उचललं त्याच्या पुढल्याच साली त्याने सुकाणू सोडलं, होडी पोराच्या हवाली केली आणि घराच्या मागच्या परसात बस्तान बसवलं. परस ते केवढं. दोन माड, एक शेवगा, सांडपाण्यावर माजलेलं अळू आणि चिंबोऱ्या धुवायची दगडी डोण. पण दोन माडांच्या मध्ये हरेश्वराने जुन्या होडीची फळी आडवी बांधली होती आणि रोज सकाळी तिच्यावर पंगत बसत होती.

फळीवर कण्या, खाली केळीच्या पानावर मासळीची डोकी आणि आतडी, डोणीत पाणी. तो दोन बोटं तोंडात घालून शीळ घाली आणि शेवगा हलायला लागे. आधी चिमण्या, मग नवराबायकोसारख्या भांडत येणाऱ्या साळुंक्या. बगळा मात्र लांब उभा राही, शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखा. कावळ्यांत एक लंगडा होता, त्याचं नाव खलाशी. तो फळीच्या टोकावर बसून बाकीच्यांवर हुकूम सोडी आणि स्वतः सगळ्यात जास्त खाई. दोन घारी वरून फिरत राहत. आतड्याचा एक लांब तुकडा हरेश्वर हवेत भिरकावी, तो खाली यायच्या आत एखादी घार उचलून नेई, आणि म्हातारा स्वतःशीच मांडीवर थाप मारी.

"तांडेल व्हता तुमी तांडेल," नीराबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची. "आता चिमण्यांना वाडपी झालात. लोकं हसत्यात."

"हसू दे गो. त्यांचे दात तरी दिसतात."

"आन् माज्या कण्या?"

"तुज्याच हायत. म्हणून तर पाखरं तुज्या नावानं चिवचिवतात."

"माज्या नावानं बोटं मोडत्यात ती," ती म्हणायची, काठी उचलायची आणि खळ्यावर जायची.

बोटं मोडायला पाखरांना कारण होतं. कोळीवाड्यासमोर शेणाने सारवलेलं सामाईक खळं होतं. सगळ्या घरांचा जवळा तिथे वाळायला पडे, शेजारच्या बांबूंवर बोंबील टांगले जात आणि राखणीला नीराबाई असे. लग्नाआधीपासून ती राखण तिचीच. तिची हाक उठली की कावळे दिवेआगराच्या सुपारीत जाऊन बसतात, असं लोक म्हणत. संध्याकाळी प्रत्येक घर आपल्या वाळवणातली एक ओंजळ तिच्या पदरात टाकी. ती ओंजळ घेताना तिची मान जी ताठ होई, तशी नव्या लुगड्यातही होत नसे.

म्हणजे पुढच्या अंगणात बायको पाखरं हाकलायची आणि मागच्या परसात नवरा त्यांना जेवू घालायचा. कोळीवाड्याला ही करमणूक बरी सापडली होती.

पण परसातली ही पंगत हरेश्वराने हौसेपोटी सुरू केली नव्हती.

मागच्या शिमग्यात रात्रभर गाऊन नीराबाईचा घसा बसला. ताप गेला, खोकला गेला, आवाज काही पुरता परतला नाही. घरातल्या बोलण्यात ते कळायचं नाही. तिचं तिलाही कळत नव्हतं, कारण तिच्या कानात ती हाक पूर्वीइतकीच उंच उठत होती. एका सकाळी हरेश्वर होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. सहज मान वर केली तर नीरा खळ्यावर उभी, हात वर, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि ऐकू आला तो नुसता वारा. कावळे तिच्यापासून काठीभर अंतरावर निवांत जवळा टिपत होते. ती धावली, वाळू फेकली, तेव्हा कुठे ते उठले. मग वळून विजयी नजरेने तिने नवऱ्याकडे पाहिलं.

हरेश्वराने मान डोलावली. त्याच दिवशी त्याने परसात फळी बांधली.

हिशेब सरळ होता. जवळा पसरायच्या वेळेला मागे पोटं भरली, तर पुढे उतरणार कोण? आणि झालंही तसंच. पाखरं खाऊन शेवग्यावर पेंगत, नीराबाई रिकाम्या खळ्यावर हाका घालत हिंडे, आणि संध्याकाळी ओंजळी पदरात पडत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

त्यात गुणाजीची सून केसर माहेराहून परत आली. गुणाजी हा हरेश्वराचा दर्यावरचा जुना सोबती, आणि केसर उरणची. येताना ती घासलेटचा रिकामा डबा घेऊन आली.

"आमच्याकडं दोरीला असे डबे टांगत्यात," तिने खळ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. "घरात बसून दोरी वढायची. खडखडाट झाला की पाखरू बसत न्हाय. काकी, तुमी या वयात किती ऊन खायचं?"

सून बोलली ते मायेने, पण नीराबाईला ते माशाच्या काट्यासारखं लागलं.

"डब्याला काय कळतं गो? कावळा कोण, घार कोण, कुणाला कुठली शिवी द्यायची, हे डबा जाणतो का?"

"शिव्या कशाला? आवाज झाला म्हणजे झालं."

"आवाज?" नीराबाई हसली. "आवाज मला शिकवतेस?"

हरेश्वर लांब उभा होता. त्याने पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली.

वाद वाढायला लागला तसा गुणाजी मध्ये पडला. तळा गावचा व्यापारी पुनवेला माल न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांचा जवळा एकदम खळ्यावर पडायचा होता. त्या दिवशी पाखरांनी नासधूस केली तर डबे बांधायचे, नाही केली तर डब्याचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात नीराबाईने.

त्या सकाळी हरेश्वर परसात आला तर फळी रिकामी. कण्यांचं मडकं जागेवर नाही. मासळीची डोकी आणि आतडी नीराबाईने पहाटेच माडाच्या आळ्यात पुरून टाकली होती. ती स्वतः मडकं काखेत मारून दारात उभी होती.

"आज एक कणी पडायची न्हाय," ती म्हणाली. "तुमीच वाड्यात पाखरं गोळा करता. आज माज्या खळ्यावर उतरली तर केसरचा डबा माज्या डोक्यावर वाजंल."

"अगो, पण..."

"पण काय?"

हरेश्वराने तोंड उघडलं. ओठावर आलेलं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. तुझी हाक कावळ्याला ऐकू जात नाही गो, एवढंच. पण ती समोर कशी उभी होती, तर हळदीला उभी असावी तशी. केस चापून बसवलेले, अंबाड्यात अबोलीचा गजरा. त्याने तोंड मिटलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "जा तू."

ती मडक्यासकट गेली. इकडे वेळेवर पाहुणे आले. चिमण्या फळीवर उतरल्या, फळी बघितली, एकमेकींकडे बघितलं. साळुंक्यांनी आपसात भांडण काढलं. खलाशी फळीच्या टोकाला बसून एका डोळ्याने हरेश्वराला न्याहाळू लागला. बगळासुद्धा दोन पावलं पुढे आला. हरेश्वराने दोन्ही हात पसरून दाखवले.

"आज उपास हाय रं बाबांनो. थोडी कळ काढा."

खलाशाने एकदाच आवाज दिला. शेवगा रिकामा झाला, फळी रिकामी झाली, आणि सगळी पंगत घराच्या कौलांवरून पुढच्या अंगाला निघाली.

हरेश्वर गुडघे धरत खळ्यावर पोचला तोवर पाखरं उतरली होती. जवळ्याची गुलाबी चादर जिथे तिथे काळी-पांढरी झाली होती. घारी बोंबलांवर झेपा घेत होत्या. मधोमध नीराबाई उभी राहून सगळ्या ताकदीनिशी गात होती.

"हा रं हा काळ्या..."

घोगरा, फाटका सूर निघाला आणि तिच्या पायाशीच पडला. खलाशाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तिने परत सूर लावला. भोवती बाया उभ्या होत्या, गुणाजी होता, केसर डबा घेऊन उभी होती. कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्यातच नीराबाईला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला. तिचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

केसरने डबा वाजवला. पाखरं भर्रकन उठली, एक घिरटी घातली आणि परत बसली. दुसऱ्यांदा वाजवला तर निम्मीच उठली. भुकेल्या पोटी डब्याचं कौतुक किती करणार?

मग हरेश्वर पुढे झाला. आपल्या घरचा वाटा पडला होता त्या कोपऱ्यात गेला, डोक्यावरची टोपी काढली, जवळ्याने गच्च भरली. दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली.

सगळं खळं मान वर करून थांबलं.

तो घराकडे वळला. चालता चालता चिमूट चिमूट टाकत राहिला. मागे खलाशी उड्या मारत, त्याच्या मागे कावळे, साळुंक्या, चिमण्या, सगळ्यांच्या मागे मान काढून बगळा, आणि वर दोन घारी. अशी वरात घराला वळसा घालून परसात गेली. खळ्यावर एक पीसही उरलं नाही.

"हरेश्वरा," गुणाजी मागून ओरडला, "आज कसला वास आला रं?"

हशा उसळला. केसर मात्र हसली नाही. ती त्या रिकाम्या खळ्याकडे बघत होती, मग म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिने डबा खाली ठेवला.

"काकी," ती म्हणाली, "पाखरू न्हाय खळ्यावर. बोलणं झालंय तसं, डबा बांधायचा न्हाय."

नीराबाई उन्हं कलेपर्यंत खळ्यावर उभी होती. संध्याकाळी ओंजळी पडल्या. केसरने दोन टाकल्या. "दुसरी काकांच्या पंगतीला," एवढंच म्हणाली. ते बघून बाकीच्यांनीही टाकल्या. नीराबाईने पदर धरला, पण मान ताठ झाली नाही.

परसात हरेश्वर डोणीच्या काठावर बसला होता. तिने पदर फळीवर रिकामा केला, कण्यांचं मडकं जागेवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी टेकली. फळीवर एक चिमणी उशिराची जेवत होती.

"कवापासून?" तिने विचारलं.

"काय कवापासून?"

"मला येडी समजू नका."

"शिमग्यापासून," तो म्हणाला.

मग तिने मान उंचावली आणि हलक्या गळ्याने, फक्त त्या चिमणीसाठी म्हटलं, "हा रं हा काळ्या, जा खाडीच्या पल्याड..." चिमणीने एक जवळा टिपला, दुसरा टिपला. मानसुद्धा वळवली नाही. नीराबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"गेला म्हणायचा," ती म्हणाली. "काय उपेगाचा तरी व्हता म्हणा. कावळं हाकायला आवाज, त्याची मिजास ती किती करायची. तुमचं बरं. तुमी वासावर होडी आणलीत. ते लोकं अजून सांगत्यात."

खाडीकडून वारा आला, माडाच्या झावळ्या सळसळल्या. हरेश्वराचा हात सवयीने नाकाकडे गेला होता. तो त्याने खाली घेतला आणि तिच्या हातावर ठेवला.

"नीरे, मला कसलाच वास आला न्हवता," तो म्हणाला. "धुक्यात तू कावळं हाकत व्हतीस. त्या हाकेवर आणली मी होडी."